वच्छलाबाईंचा खोकला

मागच्या पावसाळ्यात हर्षाच्या घरात ताप शिरला आणि पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून बसला. आधी मुलाला, अंकितला आला, मग नवऱ्याला, योगेंद्रला, मग तिला स्वतःला आणि शेवटी सासूला. बाकीचे आठवड्याभरात उठून कामाला लागले. शोभाबाईंचा खोकला मात्र दिवाळीचा फराळ झाला तरी गेला नाही. मुळात दम्याचं शरीर, त्यात वय. उशीवर उशी रचून बसलेल्या सासूला पाहून हर्षानं तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की पुढच्या वर्षी हे दुखणं उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचं नाही.

नाचणगावात बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. योगेंद्र पुलगावला वीज मंडळात नोकरीला, हर्षा तिथल्याच एका शाळेत शिक्षिका. शिकवायची सवय तिच्या अंगातच होती, त्यामुळे यंदा आषाढ लागला तसा तिनं घराचाच वर्ग केला. फाटकाशी नळ होता, तिथे साबण बांधून ठेवला. बाहेरून येणाऱ्यानं हात धुतल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, पाण्याचा पेला वेगळा. खिडक्या पावसाची झड येईपर्यंत उघड्या. भेटायला येणाऱ्यांनी बाहेर छपरीत बसायचं, शोभाबाईंच्या खोलीत जायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे ज्याचा घसा खवखवेल त्यानं तोंडाला मास्क लावून मागच्या खोलीत जायचं आणि अंग ठणठणीत होईपर्यंत तिथंच राहायचं.

"हे घर हाय का दवाखाना?" योगेंद्र हसायचा.

"दवाखाना नको म्हणूनच करून राह्यली ना," ती म्हणायची.

त्याला एकदा नुसत्या शिंका आल्या, तर तिनं खरंच त्याला मागच्या खोलीत बसवलं. त्याच्या जिवलग मित्राचा त्या रविवारी देवळीला गृहप्रवेश होता. तो जायचा राहिला. शिंका दुसऱ्या दिवशी थांबल्या, पण हर्षानं त्याला सोडलं नाही. "नियम म्हणजे नियम," ती दाराबाहेर ताट ठेवत म्हणाली. योगेंद्र कुरकुरला, पण आईसाठी आहे म्हणून गप्प बसला.

मग एका शनिवारी ती सगळ्यांना घेऊन वर्ध्याला गेली. तिथल्या डॉक्टरांनी फ्लूची लस शोभाबाईंना दिली, योगेंद्र आणि अंकितला दिली. "लगेच काम करत नाही हं," ते म्हणाले. "अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात. तोवर जपा." हर्षाची पाळी आली तेव्हा लस संपली होती. पुढच्या शनिवारी या, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या शनिवारी तिच्यासमोर घटक चाचणीचे पेपर पडले होते. ती गेली नाही. आपण धडधाकट आहोत, आपलं काय, असं तिला वाटलं.

शेजारी वच्छलाबाई राहायच्या. मधे एक छातीएवढी भिंत. शोभाबाई आणि त्या एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आलेल्या. वच्छलाबाईंनी उमेद होती तोवर जिनिंगमध्ये कापूस ओढला, त्या धुळीनं त्यांना कायमचा कोरडा खोकला जडला. गल्लीत त्या कुठं आहेत हे खोकल्यावरून कळायचं. गल्लीतल्या तान्ह्या बाळांना न्हाऊ घालायलाही त्याच जायच्या. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असायचं, तिथं दोघी रोज जोडीनं जायच्या. हर्षानं दोघींना मास्क दिले होते. वच्छलाबाई तो हनुवटीखाली घालायच्या आणि म्हणायच्या, "बाई, याच्यानं माह्या खोकला मलेच परत येते." त्यांची मुलगी पौर्णिमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. त्यामुळे त्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

त्याच दिवसांत हर्षाच्या भावाचं, राकेशचं, हिंगणीला साक्षगंध ठरलं. रविवारी. ती एकुलती बहीण. तिनं साडी काढून ठेवली, सोयरिकीच्या मुलीसाठी बांगड्या घेतल्या.

शाळेत अर्धा वर्ग खोकत होता. शुक्रवारी शेवटच्या तासाला कविता म्हणून दाखवताना तिच्या घशात काटा रुतल्यासारखं झालं. घरी येईपर्यंत पाठ दुखायला लागली, डोळ्यांत आग. फाटकाशी हात धुताना पाणी अंगावर शहाऱ्यासारखं गेलं आणि तिला कळलं, हा ताप आहे. कोणी सांगायची गरज नव्हती.

ती नळाशी तशीच उभी राहिली. आत जाऊन मास्क लावला की मागची खोली. मागची खोली म्हणजे हिंगणी गेली. योगेंद्र काही म्हणणार नव्हता, नुसता पाहणार होता. ते पाहणं तिला नको होतं. कदाचित थकवा असेल, तिनं स्वतःला सांगितलं. पावसात भिजले होते परवा. तिनं स्वयंपाकघरात जाऊन तापाची गोळी घेतली, कोणाला दिसणार नाही अशी, आणि वेष्टण केराच्या तळाशी सरकवलं.

ते वेष्टण तळाशी सरकवताना मात्र तिला नक्की माहीत होतं की आपण काय करतो आहोत.

संध्याकाळी शोभाबाईंच्या गुडघ्यांना तेल लावायचं रोजचं काम. नाही लावलं तर त्या विचारणार, मास्क लावला तर सगळेच विचारणार. ती नेहमीसारखी त्यांच्या पायाशी बसली. शोभाबाई म्हणाल्या, "हर्षा, तुह्ये हात एवढे गरम काऊन लागून राह्यले वो?"

"गॅसपाशी होती ना आई, आत्ताच," ती म्हणाली आणि तोंड वळवून खाकरली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली आणि वच्छलाबाई पातोडीच्या रश्शानं भरलेला गंज घेऊन थेट खोलीत शिरल्या. "शोभाबाई, तुह्यासाठी आणलं. पौर्णिमाले डोहाळे, अन् मजा आपली," असं म्हणून त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. मास्क हनुवटीखाली. बोलता बोलता नेहमीचा खोकला आला. दारातून योगेंद्रनं ते पाहिलं आणि हर्षाकडे पाहून भुवया उंचावल्या. एरवी हर्षानं त्यांना गोड बोलून छपरीत नेलं असतं. आज ती खाली मान घालून तेल चोळत राहिली. बोलायचं तोंडच नव्हतं.

रविवारी ती हिंगणीला गेली. गोळी घेऊन गेली, होणाऱ्या वहिनीच्या हातात बांगड्या भरल्या, पाहुण्यांना जेवायला वाढलं, फोटोत हसली. सोमवारी तिला बरंही वाटलं. आणि सोमवारीच शोभाबाईंना हुडहुडी भरली.

बुधवारी सकाळी त्यांना वाक्य पुरं करता येईना. बोटाला लावायचं यंत्र हर्षानं मोठ्या हौसेनं आणलं होतं. त्यातला आकडा पाहून योगेंद्रनं गाडी बोलावली. गल्ली गोळा झाली. शोभाबाईंना खुर्चीत बसवून फाटकाबाहेर आणलं तशा वच्छलाबाई ओला हात पदराला पुसत धावत आल्या. "काय झालं वो शोभाबाई? मी येतो संगं," म्हणत त्या खुर्चीशी वाकल्या, आणि त्यांना खोकला आला.

योगेंद्रचा तोल गेला. "दूर व्हा काकू! तुमच्यापायीच हे झालं. त्या दिवशी आईच्या तोंडापाशी बसून खोकत होत्या तुम्ही. किती डाव सांगतलं तुम्हाले!"

वच्छलाबाई जागच्या जागी थबकल्या. त्यांनी हर्षाकडे पाहिलं, हिनं तरी काही म्हणावं म्हणून. गल्लीतल्या बायांनीही हर्षाकडे पाहिलं.

हर्षा म्हणाली, "मी सांगतलं होतं त्यायले, आत नका येत जाऊ म्हणून."

एवढंच. खोटं म्हणावं तर खोटं नव्हतं. खरोखरच सांगितलं होतं. गाडीचं दार लागलं, गाडी निघाली आणि मागच्या काचेतून तिला दिसलं की वच्छलाबाईंनी पदराचा बोळा करून तोंडावर दाबून धरला आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "घरात आधी कोणाला ताप, खोकला?"

"घरात कोणाले नाई," योगेंद्र म्हणाला. "शेजारच्या एक बाई येतात, खोकत राह्यतात."

हर्षा फरशीकडे पाहत राहिली. डॉक्टरांनी तिच्याकडे वळून विचारलं असतं तर आपण सांगितलं असतं, असं ती नंतर कितीदा तरी मनाशी म्हणाली. पण ते वळले नाहीत. शोभाबाईंच्या नाकाला नळी लागली, फुप्फुसात न्यूमोनिया निघाला. ते दिवस तिनं बाकड्यावर काढले. त्या दिवसांत तिच्या मनात फक्त एक गोष्ट होती, आई वाचू दे. बाकी कशाला तिथं जागा नव्हती.

शोभाबाई वाचल्या. डॉक्टर म्हणाले, लसीला दोन आठवडे पुरे मिळाले असते तर एवढं झालं नसतं. त्या घरी आल्या, भिंतीला धरून चालायला लागल्या, मऊ भात मागून खायला लागल्या. आणि मग जे बाकड्यावर बसून बाजूला सारलं होतं ते हर्षाच्या छातीवर येऊन बसलं. आनंदाच्या वेळीच ते जास्त टोचायचं. योगेंद्र शेजाऱ्यांना सांगायचा, "हर्षानं लई केलं आईचं, रात्रंदिवस." ते ऐकून ती आत निघून जायची. राकेशचा फोन आला. "ताई, साक्षगंधानंतर आमच्या घरात सगळेच तापानं झोपले होते ना! तूच आणला का काय पुलगाववरून?" तो थट्टा करत होता. ती हसली आणि फोन ठेवून तिनं सगळ्यांचे टॉवेल पुन्हा एकदा उकळत्या पाण्यात टाकले, काही कारण नसताना.

शोभाबाई रोज विचारायच्या, "वच्छला काऊन नाई आली मले पाह्याले?"

"नाई येत तेच बरं हाय," योगेंद्र म्हणायचा.

भिंतीपलीकडून लहान बाळाचं रडणं यायचं. शोभाबाई दवाखान्यात असताना पौर्णिमा बाळंत झाली होती, मुलगी झाली होती. पण तो नेहमीचा खोकला आता ऐकू येत नव्हता. किंवा यायचा तो दुरून, दाबल्यासारखा.

एका सकाळी शोभाबाईंनी पेटीतून झबलं आणि टोपडं काढलं. आजारी पडायच्या आधीच शिवून ठेवलेलं. "माह्यानं जाणं होत नाई. तू देऊन ये. अन् तिले म्हण, मी वाट पाहून राह्यली."

नाही म्हणायला कारण सापडेना. हर्षा गेली.

वच्छलाबाईंच्या अंगणात बाळाची आंघोळ चालू होती. पायांवर बाळ घेऊन बसली होती ती कोणी तरी पैसे देऊन बोलावलेली बाई होती. पौर्णिमा खाटेवर बसून पाहत होती. वच्छलाबाई अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, शेवग्याखाली, पाट टाकून बसल्या होत्या. नाकातोंडावरून पदर घट्ट बांधलेला. तिथून त्या त्या बाईला सांगत होत्या, "मान सांभाळ. तेल टाळूवर मुरू दे. हळू वो, हळू."

"आईनं अजून एकदाही घेतलं नाई हिले," पौर्णिमा हर्षाला म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "मी हात जोडले. म्हणते, शोभाबाईसारखी बाई माह्या खोकल्यानं मरता मरता वाचली, हे तर एवढंसं लेकरू. घरात झोपत बी नाई. छपरीत झोपते. जन्मभर दुसऱ्याईच्या पोराइले न्हाऊ घातलं तिनं, अन् आपली नात आली तं…"

हर्षाच्या हातातलं झबलं तसंच राहिलं. ती अंगण ओलांडून शेवग्याखाली गेली. वच्छलाबाई घाईनं उठून आणखी मागे सरकल्या. "तिथूनच बोल बाई. जवळ नको येऊ. शोभाबाई कशी हाय?"

"काकू," हर्षा म्हणाली. इतके दिवस मनात घोळवलेलं सगळं कुठं गेलं कोण जाणे. "काकू, तो ताप तुमचा नव्हता. माह्या होता. मले शुक्रवारी शाळेतच ताप भरला होता. मी गोळी खाऊन लपवला. हिंगणीले जायचं होतं म्हणून. तशाच हातानं आईले तेल लावलं. तुमचा खोकला धुळीचा हाय, तो कोणाले लागत नाई. मले माहीत होतं. त्या दिवशी गाडीपाशी बी माहीत होतं."

वच्छलाबाईंनी शेवग्याच्या खोडाला पाठ टेकली. पलीकडे बाळ रडत होतं, आंघोळ घालणारी बाई त्याला उगी करत होती.

"मंग तू काऊन नाई बोलली?" त्यांनी शेवटी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

"भेली मी, काकू."

"कोणाले भेली? नवऱ्याले? सासूले?" त्या म्हणाल्या. "मले तं नाई भेली तू. माह्या नावानं सांगाले तुले भेव नाई वाटलं."

हर्षा रडायला लागली. वच्छलाबाईंनी तिला उगी केलं नाही. "रडू नको. माह्यापाशी सांगून काय होते? मले तं समजलं. गल्ली मले पाहून दार लोटते. विहारात माह्याशेजारी कोणी बसत नाई, म्हणून मी जाणंच सोडलं. जिथं बोलली तिथं सांग. जाय आता."

हर्षा घरी आली. योगेंद्र ड्युटीला निघायच्या तयारीत होता, शोभाबाई चहा पीत होत्या. तिनं दोघांच्या समोर उभं राहून सगळं सांगितलं, केराच्या तळाशी सरकवलेल्या वेष्टणासकट. योगेंद्रनं हातातला डबा खाली ठेवला. "मले मागच्या खोलीत कोंडलं होतं तू. शिंकेसाठी," तो म्हणाला. मग त्याच्या लक्षात दुसरंच आलं आणि तो खाली बसला. "अन् मी त्या बाईले सगळ्यायसमोर काय काय बोललो."

शोभाबाईंनी कप खाली ठेवला. हर्षा त्यांच्या पायाशी बसायला गेली तर त्यांनी पाय आखडून घेतले. सून म्हणून आल्यापासून त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"ताप कोणालेही येते," त्या म्हणाल्या. "माह्यं दुखणं मी केव्हाच सोडलं. भावाच्या साक्षगंधाले जाव वाटलं, त्याचंही काही नाई. पण तिले चोर केलं तू, हर्षा. माह्या जीव अडकला होता तवा ती फाटकापाशी धावत आली, अन् तू तिले चोर केलं." मग दम लागल्यानं त्या थांबल्या. "ते धुवून ये आधी. मंग माह्याजवळ बस."

वर्षावासाचा शेवट जवळ आला होता. आश्विन पौर्णिमेला विहारात खीर असते, गल्लीतलं घरटी एक माणूस तरी येतं. हर्षा सकाळी पुन्हा वच्छलाबाईंकडे गेली. योगेंद्रही बरोबर होता. तो दारातच वाकला आणि त्यांच्या पायांना हात लावून म्हणाला, "चुकलो काकू. आज संध्याकाळी या. आईची शपथ, या."

संध्याकाळी त्या आल्या. पौर्णिमा बाळाला घेऊन बरोबर होती. वच्छलाबाई दाराशी, सगळ्यांच्या मागे, एकट्याच टेकल्या. शोभाबाईंना योगेंद्रनं हाताला धरून आणलं होतं. त्यांनी पाहिलं, आणि पुढची जागा सोडून त्या मागे जाऊन वच्छलाबाईंच्या अंगाला अंग लावून बसल्या. बाया वळून पाहायला लागल्या.

वंदना झाली. वाचन झालं. मग हर्षा उठली. रोज साठ मुलांपुढे बोलणारी बाई, पण आज तिनं आधी भिंतीचा आधार घेतला. "आईले दवाखान्यात नेलं त्या दिवशी," ती म्हणाली, "गाडीपाशी मी वच्छलाकाकूंच्या नावानं बोलली. तुम्ही बऱ्याच जणी होत्या तिथं. ते खोटं होतं. ताप मी आणला होता, शाळेतून. मले माहीत असून मी लपवला. काकूंचा खोकला जिनिंगचा हाय, त्याच्यानं कोणी आजारी पडत नाई. आईले आजारी मी पाडलं."

एका बाईनं शेजारणीकडे पाहिलं, दुसरीनं डोकं खाली घातलं. ती कदाचित दार लोटणाऱ्यांतली असावी. बोलून झालं तरी हर्षा तशीच उभी राहिली. तिला वाटलं होतं की बोलून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट, आता हे सगळ्यांना माहीत होतं, आणि उद्या शाळेत, परवा बाजारात, ते माहीत असलेलीच माणसं भेटणार होती.

मागून वच्छलाबाईंचा आवाज आला. "बस आता खाली. लेकराईले भूक लागली असन, खीर वाढा."

त्यांना खोकला आला. पदर तोंडाशी गेला, आणि अर्ध्यातूनच खाली आला. मोकळ्या छातीनं त्या पुरत्या खोकल्या. पौर्णिमानं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. वच्छलाबाई आधी दचकल्या. मग त्यांनी टाळूवरून हात फिरवला, कान पाहिले, मान पाहिली आणि म्हणाल्या, "कशी न्हाऊ घातली त्या बाईनं! कानामागं तेल तसंच हाय." शोभाबाई हसल्या. हसता हसता त्यांनाही खोकला आला.

हर्षानं खिरीचं भांडं उचललं आणि पंगतीच्या एका टोकापासून वाढायला सुरुवात केली. वच्छलाबाईंपाशी आली तेव्हा त्यांनी वर पाहिलं नाही. नुसती वाटी पुढे केली. हर्षानं ती भरली. त्यांनी हातानंच बस अशी खूण केली, आणि ती पुढच्या वाटीकडे वळली.